डाएट मोठ्या अक्षरात, कॅफिन बारीक अक्षरात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या दुकानात रोज येतो, पहिला मी वाचतो मग गिऱ्हाईकं वाचतात, पण आजवर मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. या वेळेला लिहितोय कारण विषय माझ्या दुकानातलाच आहे आणि त्यात माझीही चूक आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मालवण तालुक्यात एका गावात माझं किराणा आणि कोल्ड्रिंकचं दुकान आहे. समोर एसटीचा थांबा, थांब्याच्या मागे हायस्कूल. शाळेच्या गेटपासून माझ्या पायरीपर्यंत मोजून साठ-सत्तर पावलं. शाळा सुटली की पोरं पहिली माझ्याकडेच येतात, पेन रिफिल, शेंगदाणा चिक्की, वेफर्स, आणि उन्हाळ्यात काहीतरी थंड. दहावीच्या परीक्षेला पंधरा-वीस दिवस असताना एका मोठ्या कंपनीचा सेल्समन (कंपनीचं नाव लिहीत नाही, एकट्या तिलाच दोष द्यायचा नाहीये) एक नवीन माल घेऊन आला. काळ्या रंगाची २५० मिलीची बाटली, वीस रुपये, चवीला कोला, त्यावर चंदेरी अक्षरात मोठ्ठं "डाएट" आणि त्याच्या खाली "झिरो शुगर". मला म्हणाला शेठ, परीक्षेचा सीझन आहे, हा माल शाळेसमोर उडणार, दोन पेट्या घ्या, सहा बाटल्या फ्री आणि काउंटरवर लावायला स्टँड पण देतो. मी दोन पेट्या घेतल्या. धंदा आहे, मार्जिन चांगलं होतं, आणि खरं सांगायचं तर बिनसाखरेचं आहे म्हणजे पोरांना त्यातल्या त्यात बरंच असेल असं मलाही वाटलं.

पाच-सहा दिवसात दोन्ही पेट्या संपत आल्या. त्यात एक मुलगी होती, दहावीची, हुशार, आमच्याच वाडीतली. रोज संध्याकाळी क्लासवरून येताना दोन बाटल्या न्यायची. चौथ्या की पाचव्या दिवशी ती पैसे द्यायला आली तेव्हा तिचा हात असा थरथरत होता की सुट्टी नाणी काउंटरवर पडून बरणीच्या मागे गेली. मी म्हटलं बरं नाही का गो, तर म्हणाली, "काका, चार रात्री झोपच येणा नाय, छातीत धडधडता, पण वाचून सगळा झाला." तिच्या डोळ्याखाली काळं झालं होतं. मी तिला बाटली दिली नाही, लिंबू सरबत देऊन बसवलं आणि तिच्या आईला फोन केला. आई आली ती घाबरलेली, पण तिला आधी कळेचना की बाटलीचा यात काय संबंध. म्हणाली, "मीच तेका सांगलंय, थंड पिऊचा आसात तर ह्या पी, ह्यात साखर नाय. बाटलेर डाएट लिवलेला आसा ना!"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्या बाईंच्या घरी सासऱ्यांना डायबेटिस आहे. डॉक्टरांनी त्यांना डाएट दिलंय, म्हणजे काय खायचं काय नाही त्याचा कागद फ्रीजला चिकटवलाय. आपल्याकडे डाएट म्हणजे पथ्य. डाएट चिवडा, डाएट खाकरा, डाएटवर आहे म्हणजे तब्येतीची काळजी घेतोय. एकदा बाटलीवर डाएट लिहिलं की आमच्या गावातल्या माणसाला ते डॉक्टरने सांगितल्यासारखं वाटतं, मग मागे काय लिहिलंय ते कोण बघतो. ती आई शिकलेली आहे, अंगणवाडीत काम करते, पोरीच्या खाण्यापिण्याकडे लक्ष देणारी आहे, आणि लक्ष देणारी आहे म्हणूनच फसली हे मला जास्त लागलं. जिला काही पडलेलं नाही ती बाई डाएट बघून घेत नाही, जिला पोरीची काळजी आहे तीच घेते.

त्या रात्री दुकान बंद करून मी ती बाटली घेऊन बसलो. फ्रीजमधून काढलेली बाटली घामाने ओली असते, लेबल काळं, अक्षरं चंदेरी आणि इतकी बारीक की चष्मा लावूनही लागेनात, शेवटी मोबाइलचा कॅमेरा धरून झूम केला. लेबल जिथे एकावर एक चिकटवलेलं असतं त्या शिवणीच्या अगदी बाजूला, सगळं इंग्रजीत, लिहिलं होतं की यात कॅफिनचं प्रमाण जास्त आहे, लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आणि ज्यांना कॅफिन सोसत नाही त्यांच्यासाठी हे नाही, आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर घेऊ नये. आणि १०० मिलीला ३० मिलिग्रॅम कॅफिन. म्हणजे एका बाटलीत ७५. म्हणजे मुलांसाठी नाही हे कंपनीनेच छापलंय, आणि त्याच कंपनीचा माणूस मला सांगून गेला की शाळेसमोर उडणार!

माझा भाचा पुण्याला फूड टेक्नॉलॉजी शिकतो, त्याला फोन लावला. त्याने दोन दिवस मला बरंच काही समजावलं, ते इथे लिहितो कारण आमच्यासारख्या दुकानदारांना हे कोणीच सांगत नाही.

आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम असा आहे की एका लिटरमागे १४५ मिलिग्रॅमच्या वर कॅफिन गेलं की ते साधं कोल्ड्रिंक राहत नाही, ते कॅफिनेटेड बेव्हरेज होतं, आणि त्याची वरची मर्यादा लिटरला ३०० मिलिग्रॅम. माझ्या दुकानातली बाटली बरोब्बर त्या ३०० वर बसलेली. म्हणजे कायद्याने जेवढं टाकता येतं तेवढं सगळं टाकलेलं. कायदा मोडलेला नाही हे मी मान्य करतो. पण लिटरला ३०० हा आकडा मला कुठे भेटला तर भाच्याच्या फोनवर, दुकानात आलेल्या स्टँडवर नाही, पोस्टरवर नाही, सेल्समनच्या तोंडून तर नाहीच.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली कॅफिनचा अभ्यास करून सांगितलं होतं की तब्येतीने ठीक असलेल्या मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदर बाईला २०० पर्यंत, आणि मुलांना वजनाच्या एका किलोमागे ३ मिलिग्रॅम. आता ती मुलगी असेल पंचेचाळीस किलोची. पंचेचाळीस त्रिक एकशे पस्तीस. आणि ती रोज दोन बाटल्या म्हणजे १५० घेत होती, वर घरचा चहा सकाळ-संध्याकाळ. सातवीतलं तीस किलोचं पोर असेल तर त्याचा आकडा ९०, म्हणजे एक बाटली आणि एक कप चहा झाला की संपलं. हे गणित चौथीतलं पोर करेल, पण करायचं तर बाटलीवर ७५ हा आकडा समोर दिसायला हवा ना. १०० मिलीला इतके असं लिहून ठेवलं की ज्याला तहान लागलीय तो काय काउंटरवर गुणाकार करत बसणार आहे का.

दुसरी गोष्ट, यात साखर नाही, कॅलरी जवळजवळ नाहीत, मग ताकद येते कुठून? जाहिरातीत पोरगा बाटली उघडतो आणि धावत सुटतो. भाचा म्हणाला मामा, ताकद येतच नाही. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते जिथे जाऊन बसतं तिथून शरीराला निरोप मिळतो की आता झोप. कॅफिन जाऊन त्या जागा अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन तसंच साठत राहतं, फक्त निरोप पोचत नाही. आमच्या बंदरावर ट्रॉलर चालवणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला म्हणजे टाकीच्या काट्यावर फडका टाकल्यासारखं, काटा दिसला नाही म्हणून डिझेल काय वाढत नाही. मला हे एकदम पटलं. आणि गेलेलं कॅफिन लगेच उतरत नाही, साधारण पाच तासांनी निम्मं उतरतं. रात्री दहाला बाटली संपवली तर पहाटे तीनला निम्मं अंगात आहेच. मग पोर पहाटे डुलकी काढतं, सकाळी सातला उठवलं की डोकं जड, संध्याकाळी परत बाटली. परीक्षेचा अभ्यास लक्षात राहायला झोप लागते हे कुठलाही मास्तर सांगेल, आणि आम्ही पोरांना अभ्यासासाठी म्हणून झोप उडवणारी गोष्ट विकतोय. आमचं कोकण बोर्ड वर्षानुवर्षं दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं, त्याचा आम्हाला अभिमान आहे, पण त्या अभिमानाचं ओझंही पोरांच्याच डोक्यावर असतं, आणि कंपनीला हे बरोबर माहीत आहे म्हणूनच तो माल फेब्रुवारीत आला, मे महिन्यात नाही.

डाएट आणि जास्त कॅफिन ही जोडी काही नवीन नाही. अमेरिकेत १९८५ साली जोल्ट कोला नावाचं पेय निघालं, त्याची घोषणाच होती की साखर सगळी आणि कॅफिन दुप्पट. मला ते पेय चांगलं वाटतं असं नाही, पण निदान जे आहे ते तोंडावर सांगितलं होतं, आईबापाला एका नजरेत कळत होतं. मग २००७ साली तिकडे डाएट पेप्सी मॅक्स आलं. डाएट कोला, त्यात जिनसेंग नावाची मुळी, आणि ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ६९ मिलिग्रॅम कॅफिन, साध्या पेप्सीच्या कॅनमध्ये असतं ३८. जाहिरातीत काय तर ऑफिसात, रस्त्यात माणसं जांभया देतायत, डुलक्या काढतायत, आणि घोषणा, जागे व्हा लोकहो. अमेरिकेच्या नियमात कोलाला ०.०२ टक्के कॅफिनची मर्यादा आहे, ३५५ मिलीला ते होतं ७१. म्हणजे ६९ हा आकडा मर्यादेच्या अगदी उंबऱ्यावर. आणि आपल्या नियमाने बघायचं तर ६९ भागिले ३५५, लिटरला १९४ च्या आसपास येतं, म्हणजे आपल्याकडे ते साधं कोल्ड्रिंक म्हणून विकताच आलं नसतं, त्यावर जास्त कॅफिनचा इशारा छापायलाच लागला असता.

पुढची गोष्ट ऐकून तर मी थक्कच झालो. २००९ मध्ये त्यांनी नावातलं डाएट काढून टाकलं, कारण पुरुष गिऱ्हाईक डाएट म्हटलं की लांब पळतं, आणि पुरुषांसाठीचा पहिला डाएट कोला अशी जाहिरात केली. मग २०१६ मध्ये नाव बदलून पेप्सी झिरो शुगर केलं. आणि २०२३ मध्ये नवीन फॉर्म्युला आणला तेव्हा ते ६९ मिलिग्रॅम कॅफिन साध्या पेप्सीएवढ्यावर आणलं. कंपनीने बरं केलं, त्याबद्दल चांगलंच म्हणेन. पण मग प्रश्न पडतो की कॅफिन इतकं कमी करूनही कोला कोलाच राहत असेल तर इतकी वर्षं ते कशासाठी होतं? चवीसाठी नक्कीच नव्हतं. आणि नाव बघा, आधी डाएट, मग नुसतं मॅक्स, मग झिरो शुगर. गिऱ्हाईक कोण आहे ते बघून शब्द बदलला. यातल्या एकाही नावात कॅफिन नव्हतं. जे काढलंय ते नावात, जे घातलंय ते पाठीमागे.

आता मला माहीत आहे लोक काय म्हणणार, की चहात पण कॅफिन असतं, आपण कोकणी माणसं दिवसाला पाच कप पितो, तेव्हा कुठे जातं तुमचं ज्ञान. बरोबर आहे. एका कपात ३० ते ५० मिलिग्रॅम सहज असतं. पण चहा गरम असतो, फुंकून फुंकून पितात, आणि चहाने झोप उडते हे आमच्या आजीलाही माहीत होतं, म्हणून लहान पोराला ती कपभर दुधात दोन चमचे चहा टाकून द्यायची. कोला थंड, गोड, तहान लागलेलं पोर एका दमात अर्धी बाटली घशाखाली घालतं. आणि मुख्य म्हणजे चहावर कोणी डाएट लिहून तो पथ्याचा म्हणून विकत नाही.

तसंच उगाच भीतीही पसरवायची नाहीये. मी हे दुकानात बोलायला लागल्यावर एकाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं दाखवलं की डाएट कोल्यात साखरेऐवजी जे अस्पार्टेम घालतात त्याने कॅन्सर होतो, एक बाटली प्यायली तरी. तसं नाहीये. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने अस्पार्टेमला कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या, पण पुरावा मर्यादित असलेल्या गटात टाकलं, आणि त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम होती तीच कायम ठेवली. एवढं मात्र खरं की त्याच वर्षी मे महिन्यात त्याच संघटनेने सांगितलं की वजन कमी ठेवण्यासाठी म्हणून असली बिनसाखरेची गोडी वापरू नका, लांबच्या हिशोबात त्याचा फायदा दिसत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी माणूस डाएटची बाटली उचलतो ते कारणच कच्चं आहे. माझा राग अस्पार्टेमवर नाही, कॅफिनवर पण नाही, मोठ्या माणसाने समजून उमजून प्यावं. माझा राग आहे तो लपवण्यावर.

आणि हे लपवणं फक्त लेबलावर नाही, ते दुकानातूनच चालू होतं. तुमच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, आमच्या दुकानातले ते उभे काचेचे फ्रीज आमचे नसतात. कंपनी देते, फुकट, अट एकच, त्यात दुसऱ्याचा माल ठेवायचा नाही. महिन्यातून एकदा माणूस येतो, फोटो काढतो, किती खण आपले किती परके ते बघतो, नजरेच्या उंचीचा खण नवीन मालासाठी ठेवायला लावतो. नजर कुणाची, तर बारा-तेरा वर्षांच्या पोराची. मला त्याने तसं बोलून दाखवलं नाही, पण स्टँड ठेवताना स्वतः वाकून बघितलं की पोराच्या डोळ्यासमोर येतो की नाही. पूर्वी त्याच फ्रीजच्या खालच्या खणात माझ्या बायकोने केलेल्या कोकम सरबताच्या बाटल्या असायच्या. त्या आधी खालच्या खणातून बाहेर गेल्या, मग फ्रीजच्या डोक्यावर, आणि तिथून गरम सरबत कोण घेणार.

गावात नाइट अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचेस होतात, दोन वर्षांपूर्वीपर्यंत बॅनर असायचा पतपेढीचा नाहीतर मुंबईकर मंडळाचा. यंदा मैदानाच्या चारही बाजूंना काळे बॅनर, मॅन ऑफ द मॅचला पेटी, आणि टीमला फुकट बाटल्या. टीममध्ये नववी-दहावीची पोरं असतात. रात्री दोनपर्यंत मॅच, घामाघूम झालेलं पोर तहान म्हणून दोन बाटल्या रिचवतं. तिथे कोण सांगणार ५०० मिलीची मर्यादा. गणपतीला मुंबईहून रात्रभर गाडी मारत येणारे चाकरमानी पण असलीच पेयं पितात, माझा चुलतभाऊ पनवेल सोडताना दोन बाटल्या घेऊन निघाला, कणकवलीच्या अलीकडे पहाटे गाडी रस्त्याच्या खाली उतरली, नशीब शेतात गेली. तो म्हणतो डोळे टक्क उघडे होते आणि तरी काही कळलं नाही. मोठ्या माणसाचं हे होतं.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. यात एक पळवाट राहते ती माझ्या लक्षात आली. चरबी, मीठ, साखर. कॅफिन नाही. साधा गोड कोला त्यात अडकेल, पण बिनसाखरेचा, दुप्पट-तिप्पट कॅफिनचा कोला गेटच्या समोर ठेवला तरी त्या व्याख्येत येत नाही. मग जुलै २०२४ मध्ये आपल्या विधान परिषदेत सत्यजीत तांबे यांनी प्रश्न विचारला होता, आणि तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सांगितलं होतं की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या एनर्जी ड्रिंक्सवर बंदी आणणार. पेपरात मी वाचलं होतं, बरं वाटलं होतं. माझं दुकान पन्नास मीटरवर आहे. मला आजपर्यंत एक कागद आला नाही, एक माणूस येऊन सांगून गेला नाही की शेठ ही यादी, हे ठेवायचं नाही. आला तो फक्त सेल्समन. पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून १८ वर्षांखालच्या पोरांना असली पेयं विकणं बंद केलं, लिथुआनियाने तर २०१४ लाच केलं होतं, आणि तिथे दुकानदाराला नीट माहीत आहे की वय विचारायचं.

शब्द काढायला लावता येतो हेही आपल्याच देशात दिसलंय. पाकिटातल्या गोड पाण्यावर ओआरएस लिहून विकायचे, हैदराबादच्या एक मुलांच्या डॉक्टर आठ वर्षं त्याच्या मागे लागल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने सांगितलं की खरा फॉर्म्युला नसेल तर नावात ओआरएस वापरायचं नाही. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की वाटेल ते पेय हेल्थ ड्रिंकच्या रांगेत दाखवू नका. तर मग ज्या बाटलीवर मुलांसाठी नाही असं छापणं कायद्याने भाग आहे त्याच बाटलीवर पुढच्या बाजूला डाएट एवढं मोठं लिहायची परवानगी का? डाएट लिहायचं असेल तर त्याच्या शेजारी, त्याच साइझच्या अक्षरात, मराठीत लिहा, या बाटलीत ७५ मिलिग्रॅम कॅफिन आहे, मुलांना देऊ नका. मग ज्याला घ्यायचंय तो घेईल. आणि ५०० मीटरची बंदी जाहीर केलीय तर तिचा कागद आमच्यापर्यंत आणा, ग्रामपंचायतीत लावा, शाळेच्या फळ्यावर लावा, आणि फ्रीज देणाऱ्या कंपनीला पण लागू करा, नुसता दुकानदाराला दंड करून चालणार नाही, कारण स्टँड कुठे ठेवायचा ते दुकानदार ठरवत नाही.

ती मुलगी बरी आहे, डॉक्टरांनी तपासलं, बाटली बंद करून रात्री अकराला झोपायला सांगितलं, दोन-तीन दिवस डोकं खूप दुखलं, ते एकदम बंद केल्याने होतं म्हणाले, मग ठीक झाली. पेपर दिले तिने सगळे. तिची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, विकत तर मीच होतो.

मी तो माल बंद केलाय. उरलेल्या अकरा बाटल्या सेल्समनला परत न्यायला सांगितल्या, त्याचे पैसे देणार नाही म्हणाला, मी म्हटलं नको देऊ. मग त्याने सांगितलं की नवीन माल ठेवायचा नसेल तर वरून फ्रीजचाही विचार होईल. त्यावर बायकोच म्हणाली घेऊन जाऊ दे. तिने मे महिन्यातल्या रातांब्यांचं आगळ, म्हणजे कोकमाच्या फळांचा घट्ट रस, बरण्या भरून ठेवलंय, साखरेचं सरबत वेगळं आणि बिनसाखरेचं नुसतं मीठ-जिरं घातलेलं वेगळं. साखरेच्या सरबतात साखर भरपूर असते, डायबेटिसवाल्याला ते चालणार नाही हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, बरणीवर खडूने मोठं लिहिलंय पण. सध्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवतोय, बर्फ मालवणहून सकाळच्या एसटीने येतो, दुपारी तीनपर्यंत टिकतो, पोरं साडेपाचला सुटतात तोवर पाणी झालेलं असतं. सेकंडहँड फ्रीज बघतोय.

माझ्यासारखे बरेच दुकानदार असतील ज्यांना हे पटत नाही पण फ्रीज जाईल म्हणून गप्प आहेत. त्यांनीही तुम्हाला लिहावं, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या साहेबांनी शाळा भरायच्या आधी एकदा तरी आमच्या दुकानांवर फेरी मारावी एवढीच विनंती. कंपनीचा टेम्पो सोमवारी फ्रीज न्यायला येणार आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग